आत्याबाईंचा उजवा दंड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. मालकांजवळ नाही, माहेरी नाही, देवापुढंही नाही. देवापुढं बोलायचं ठरवून एकदा औंढ्याला गेले होते. गाभाऱ्यात उतरले, नागनाथाला पाणी घातलं आणि लेकीच्या लग्नाचं मागून वर आले. जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी निघेल असं वाटतंय — निघतंय का, बघू.

आधी हे सांगते की गावात मला मान आहे. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात कुठल्याही बाईला विचारा, सुमन कशी आहे. ती म्हणेल, सासूचं सगळं अंथरुणात केलं, पण कधी नाक मुरडलं नाही. नव्या सुनांना माझं नाव घेऊन टोमणे मारतात. एका महिला दिनाला मांडव घालून मला साडी आणि नारळ दिला, 'आदर्श सून' म्हणून. मी डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हात पुढं केले आणि घेतला. टाळ्या वाजल्या. ह्याच हातांसाठी वाजल्या.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. सासूनं छळलं आणि सुनेनं उट्टं काढलं, अशी ही गोष्ट असती तर मला सांगायला किती सोपी गेली असती! तशी ती नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला शेळीची धार काढता येत नव्हती. आत्याबाईंनी माझी बोटं आपल्या बोटांत धरली आणि दाखवलं, "दाबू नको, वढू नको, नुसतं वरून खाली उतरत ये." माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या माहेरच्यांनी केलं नाही एवढं त्यांनी केलं. बोलायला फटकळ होत्या, आवाज मोठा होता. माळावरून हाक मारली तर शेळ्या आणि आम्ही दोघी जावा, सगळ्यांनीच मान वर करायची. पण मनात काही ठेवायच्या नाहीत.

आम्ही दोघी जावा म्हणजे मी आणि कमळ. मी थोरली, ती धाकटी. एकाच अंगणात दोन चुली होत्या. कमळ मला 'बाई' म्हणायची. ती मोठ्यानं हसायची, तिच्या हातून भांडी पडायची, कप फुटायचे. आत्याबाई तिला 'धांदरट' म्हणायच्या आणि तिच्याच हातचा चहा मागायच्या.

मग एका सकाळी शेळ्या सोडताना आत्याबाई दावणीपाशीच पडल्या. तोंड वाकडं झालं होतं. मालकांची काळीपिवळी जीप दारातच होती, तिच्यातच घालून हिंगोलीला नेलं. दवाखान्यातून परत आणल्या तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही गेली होती. एवढा मोठा आवाज, पण त्याचं नुसतं "आं… आं…" राहिलं. डॉक्टर म्हणाले, उजवा हात-पाय आता चालणार नाही, सेवा करा.

सेवा. किती स्वच्छ शब्द आहे, नाही? तो शब्द धुवायला लागत नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या धुवायला लागतात. उठल्यावर पहिली घडी बदला. चहा पाजा, तो हनुवटीवरून गळ्यात उतरतो, तो पुसा. कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. कण्या शिजवा, भरवा, त्या निम्म्या बाहेर येतात. पुसून होतं न होतं तोच घडी परत ओली. आणि अंगणात कुणी आलं की म्हणणार, "पुण्य कमावून राहिलीस, सुमन." ते पुण्य घ्यायला एक दिवस तरी कुणी बसलं का माझ्या जागी? कमळ बसायची अधूनमधून. पण तिला तिचं लहान लेकरू होतं, रानातलं काम होतं. बाकी कुणी नाही.

मला टेन्शन आलंय, असं मला कधी वाटलंच नाही. टेन्शन मालकांना असायचं, जीपचं, पोलिसांचं, डिझेलचं. मला काय असायची तर 'चिडचिड'. माझा जबडा सकाळपासून आवळलेला असायचा, दाढा ठणकायच्या. मान दगडासारखी. छातीत उगाच धडधड व्हायची, दूध उतू जाताना बघत उभी राहायची आणि गॅस बंद करायला हात उठायचा नाही. केसांची गुंतवळ मूठभर निघायची. मला वाटायचं, वय झालं.

आता येते मुद्द्यावर. येतेच.

दुपार होती. आत्ताच घडी बदलली होती. मी कण्या भरवत होते आणि आत्याबाईंनी घास बाहेर काढला — माझ्या हातावर, नव्या घडीवर. मुद्दाम नाही. त्यांना गिळताच येत नव्हतं, हे मला माहीत होतं. आणि मी काय केलं? मी वाटी खाली ठेवली. त्यांचा उजवा दंड हातात घेतला आणि चिमटा काढला. साधा नाही. नख रुतेपर्यंत, पीळ देऊन.

तो दंड हलला नाही. आत्याबाई ओरडल्या नाहीत. मेलेल्या हाताला काय कळतंय, असं मी मनाशी म्हटलं.

आणि — हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते — मला बरं वाटलं. जबडा सुटला. छातीतलं काहीतरी खाली बसलं. मी शांतपणे वाटी उचलली आणि पुढचा घास भरवला. अगदी मायेनं भरवला.

एकदा झालं असतं तर? तर मी हे लिहायला बसले नसते. ते वारंवार झालं. कधी दिवसाआड, कधी एकाच दिवसात दोनदा. मालक उलटं बोलले, चिमटा. लाईट गेली, चिमटा. पोरीनं फोनवर दोनच शब्द बोलून ठेवून दिला, चिमटा. दार लोटून घ्यायची, तोंडाकडं बघायचं नाही, फक्त दंड बघायचा. राग पाण्यासारखा असतो, उताराला जातो, जिथं कुणी अडवत नाही तिथं. मालकांवर राग काढला असता तर ते गप बसले असते का? कमळवर काढला असता तर ती भांडली असती. आत्याबाई भांडू शकत नव्हत्या. म्हणून त्या. दुसरं कारण नाही. त्या खोलीत आधी बसून बघा आणि मग मला राक्षसीण म्हणा, असं मी आता लिहिणार होते. पण ती सबब झाली. त्या खोलीत बसणाऱ्या सगळ्याच बाया चिमटे काढत नाहीत.

पुढं भाचीचं लग्न निघालं आणि मी दोन दिवस माहेरी गेले. मागं कमळनं सगळं केलं. मी परत आले त्याच दिवशी जवळा बाजार गावाहून माझी नणंद आली, विमलताई. आईला आज मी आंघोळ घालते, म्हणाली. मी चुलीपाशी होते. कमळ तिच्या दारात पीठ मळत होती. आतून हाक आली, "वहिनी, इकडं या. ह्ये काय हाय?"

उजवा दंड उघडा होता. निळे डाग, जांभळे डाग. काही जुने, पिवळे पडलेले.

"दोन दिवस कोण व्हतं आईपाशी?" विमलताईनं विचारलं.

"कमळ," मी म्हणाले. हे खरं होतं. एवढ्यावर थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी म्हणाले, "तिचा हात जरा जडच हाय, ताई. लेकरावानी धरता येत न्हाई तिला कुनाला."

कमळ उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. हाताला पीठ तसंच. ती माझ्याकडं बघून एकच शब्द बोलली, "बाई?"

नुसतं एवढंच. मी तिच्याकडं पाहिलं नाही. मग ती विमलताईला सांगायला लागली, अहो, ह्ये पिवळे डाग बघा, ह्ये जुने हायत, दोन दिसांत पिवळे पडतात का? बराबर बोलत होती. पण थोरल्या जावेनं आधी सांगून टाकलं होतं, आता तिचं कोण ऐकणार? आणि खाटेवर आत्याबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी डावा हात उचलला, कसाबसा छातीवरून नेला आणि पदर ओढून तो दंड झाकला. विमलताईला वाटलं, आईला थंडी वाजते. मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, सुटले.

त्या दिवशी भाऊजींनी, म्हणजे कमळच्या नवऱ्यानं, तिच्यावर हात उचलला. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. मी भांडी घासत होते. मी भांडी घासत राहिले.

थोड्याच महिन्यांत ती दोघं लेकराला घेऊन हिंगोलीला राहायला गेली. भाऊजी तिथं आडतीवर कामाला लागले. कमळनं जाताना माझ्या पाया पडायचं टाळलं. मला त्याचा राग आला, हेही सांगते. मला, माझ्याच तोंडानं जिला घालवलं तिचा राग! आणि आता सगळं माझ्या एकटीच्या अंगावर आलं.

कमळ गेल्यावर तरी मी थांबले असेन, असं वाटतंय ना तुम्हाला? नाही थांबले. फक्त जागा बदलली. दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ. कुणाला दिसू नये म्हणून.

थांबले ते शमीममुळं. शमीम आमच्याच गावची पोरगी, सरकारी दवाखान्यात नर्स. आजारी म्हाताऱ्यांचा बीपी बघत घरोघर फिरायची. त्या दिवशी तिनं आत्याबाईंचा पाय हातात घेतला आणि पेनच्या मागल्या टोकानं तळव्यावर रेघ ओढली. मग उजव्या हाताची करंगळी जरा दाबली. मी सहज म्हणाले, "त्या हाताला काय कळत न्हाई, शमीम. मेलेला हाय तो."

"कोन म्हनलं, काकू?" ती म्हणाली. "हात हालत न्हाई, पन लागतंय त्याहिला. तोंडाकडं बघा की."

तिनं परत दाबलं. मी बघितलं — किती दिवसांनी मी त्या तोंडाकडं बघत होते. आत्याबाईंची भुवई आवळली. डोळ्यांत पाणी आलं.

"कवापासून?" मी विचारलं.

"पैल्यापासूनच आसल. बोलता येत न्हाई म्हनून कुनाला कळलं नसल."

डॉक्टर म्हणाले होते, हात चालणार नाही. हात दुखणार नाही, असं ते कुठं म्हणाले होते? ते मी माझ्या सोयीनं धरलं. म्हणजे प्रत्येक वेळी त्यांना लागत होतं. विमलताईसमोर पदर ओढला तो थंडीनं नव्हता. मला वाचवायला ओढला, की माझ्या भीतीनं? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

मी उठून शेळ्यांच्या गोठ्यामागं गेले आणि ओकले. शमीम मागोमाग आली. तिला वाटलं मलाच बीपी आहे. पाठीवर हात फिरवला, मशीन लावलं. मग विचारत गेली, "झोप लागती का? दात खाता का? घराच्या भाईर शेवटचं कवा गेलता, काकू?" मला आठवेना. ती म्हणाली, ह्याला वय म्हनत न्हाईत, ह्याला ताण म्हनतात, अन् त्यो आंगात साचतो. कुठूनतरी निघतोच. मी दचकले. हिला कळलं का? नाही, ती सगळ्यांनाच तसं सांगत होती. ती म्हणाली, राग आला की खोलीतून भाईर निघा, म्हातारी दोन मिंट वली ऱ्हायली तर मरत न्हाई. मनगटावर थंड पानी घ्या. श्वास लांब सोडा, घ्यायच्या दुप्पट. अन् रोज घंटाभर भाईर जा, एकट्या. तकलीफ आसंल तर बोला कुनापाशी.

बोलायची वेळ तीच होती. तोंड उघडलंही होतं. मी म्हणाले, "चहा घेशील?"

पण त्या घंटाभरासाठी मी भांडले. संध्याकाळी मालक आले तसं सांगितलं, उद्यापासून चार वाजता आत्याबाईपाशी तुमी बसायचं. मी भाईर जानार हाय.

"कुठं?"

"कुठंबी. मला टेन्शन हाय."

ते हसले. "तुला कसलं टेन्शन? घरातच तर असतीस."

"म्हनूनच."

"अन् माझी चारची फेरी?"

"न्हाई मारायची. आई कुनाची हाय?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात घडी दिली, कशी बदलायची ते दाखवलं आणि चप्पल घालून निघाले. परत आले तेव्हा ते ओसरीवर बसले होते, चेहरा उतरलेला. आठवडाभरानं हिंगोलीहून हवेची गादी घेऊन आले, मी न सांगता.

मी शेळ्या घेऊन माळावर जायची. पहिल्या दिवशी पळसाखाली नुसती झोपले, जमिनीवर, पदर तोंडावर घेऊन. एक दिवस जोरात ओरडले, शब्द नाहीत, नुसतीच ओरडले. शेळ्या पांगल्या. मग हळूहळू नुसतं चालायला लागले. गावानं नावं ठेवलीच — सासू अंथरुणात, अन् ही माळावर हवा खाती. हो, खाते! आजही खाते. त्या एका तासाबद्दल मी कुणापुढं मान खाली घालणार नाही. तो तास सुरू झाला आणि माझं बोट परत कधी त्या दंडावर वळलं नाही. खोलीत जीव घुसमटला की बाहेर यायची, रांजणातलं पाणी मनगटावर घ्यायची, श्वास सोडत राहायची, मग आत जायची. इतकं साधं होतं. तो तास मला आधी कुणी दिला नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. खरं असं की मी तो मागितला नाही. मला चिमटा सोपा पडत होता.

मी त्या दंडाला रोज तेल लावायला लागले. त्यांच्या तोंडाकडं बघत, हलक्या हातानं. पण माझी बोटं जवळ आली की आत्याबाई डोळे गच्च मिटून घ्यायच्या. मी काही करायच्या आधीच. ते शेवटपर्यंत गेलं नाही.

त्या गेल्या तेव्हा कमळ आली. बायांनी अंगणात पाणी तापवलं, शेवटची आंघोळ घालायला. कमळनं तांब्या उचलला. विमलताई म्हणाली, "तू नको." सगळ्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. मी थोरली, माझा शब्द चालणार होता. एकच वाक्य बोलायचं होतं — घालू द्या तिला, तिनं काही केलेलं नाही. कमळनं माझ्याकडं पाहिलं नाही. ह्या वेळी तिनं 'बाई?' असंही विचारलं नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तो तांब्या मी उचलला. चिमट्यांच्या वेळी मी तणावात होते, थकले होते, असं कुणी दयेनं म्हणेल. पण त्या दिवशी मी थकलेली नव्हते. झोप पुरी होती, डोकं शांत होतं, श्वास बरोबर चालू होता. तरीही गप्प राहिले. त्याला कसला ताण म्हणायचा? तो भेकडपणा होता, निव्वळ. आणि साडी-नारळ घेतला तो त्यानंतर.

परवा बचत गटाच्या बाया आल्या. ह्या खेपेच्या बैठकीत मी बोलावं म्हणाल्या, ताण आला तर बाईनं काय करावं ह्यावर. "तुमी एवढं सगळं हसत कसं केलं ते सांगा." मी हो म्हणाले. श्वासाचं सांगेन, थंड पाण्याचं सांगेन, नवऱ्याला आईपाशी बसवा हेही सांगेन, भांडून बसवा. आणि मी हसत काहीच केलं नाही, हे सांगेन. बंद दाराआड मी काय केलं ते सांगेन, कारण त्या बैठकीत एखादी तरी अशी बसलेली असेल जिची बोटं आत्ताच शिवशिवत असतील. कुणी म्हणेल, घरातलं घरातच ठेवावं. घरातच ठेवलं होतं. त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

विमलताई येणार आहे, तिला मी बोलावलंय. भाऊजींनाही बोलावलंय. कमळला बोलावलेलं नाही. मी तिची माफीही मागणार नाही. माफी मागितली की ती द्यायची का नाही हे ओझं परत तिच्याच डोक्यावर बसतं, आणि माझी ओझी तिनं फार वाहिली. तिला मला शिव्या द्यायच्या असतील, तोंड बघायचं नसेल, तिची मर्जी.

ते डाग माझ्या बोटांचे होते. कमळनं आत्याबाईंना फक्त आंघोळ घातली होती.